अर्धी राहिलेली झील

शेकोटीत अजून दोन पऱ्हाट्या टाक रे ऋतुराज, आणि तो फोन खिशात घाल. प्रेरणा, तू जरा आत सरक, पाठीला गार लागंल. सांगतो. पण सुरू केल्यावर मधी उठायचं नाय कुणी. पाणी प्यायचं असंल तर आत्ताच पिऊन या.

खालच्या आळीतला साहेबराव गोंधळी तुम्ही पाह्यलाय. उंच, कानात बाळी, बोलताना खाली बघतो तो. डाव्या हाताला करंगळी नाय त्याच्या. चिकलठाण्याला एका कंपनीत प्रेसवर होता, तिथं गेली ती, बारा वर्षांखाली. ही गोष्ट त्याची. मला त्यानं स्वतः सांगितली, आपल्या ओट्यावर बसून, भर दुपारी. रात्री सांगायला तो तयार नव्हता.

त्याच्या घरात संबळ पिढ्यान् पिढ्या. दोन लहान नगारे, एक जरा मोठा, एक बारका, कमरेला बांधायचे. उजव्या हातात सरळ काडी, डाव्या हातात टोकाला वाकवलेली. लग्नाचा गोंधळ तर सगळेच घालतात. पण साहेबरावच्या बापाकडं एक वेगळं वाजवणं होतं, ते दुखण्याचं. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं, बोलंना, जेवंना, झोपंना, दवाखाना करून झाला, की लोक त्याला न्यायला यायचे. तो म्हणायचा, "आपण औषध देत नाय. माणसाच्या आत गाठ बसलेली असती. तिला ठेका ऐकवायचा. ती आपोआप हलती." आणि खरंच, पोरांनो, मी लहानपणी पाह्यलंय. महिनाभर तोंडातून शब्द न काढलेली बाई त्या संबळापुढं ढसाढसा रडली आणि दोन दिवस झोपली.

त्याचे तीन भाग. पहिलं बोलावणं. जे काय आत बसलंय त्याला पुढं बोलवायचं. दुसरं विचारणं. तू कोण, तुला काय पायजे. आणि तिसरं, वाटंला लावणं. संबळ वाजवत वाजवत त्याला घराबाहेर काढायचं आणि शिवेवर, पाण्यापलीकडं नेऊन सोडायचं. तिन्हींचा ठेका वेगळा, पदं वेगळी. आणि मुख्य म्हणजे झील पायजे. पुढच्यानं ओळ टाकली की मागच्यानं तिचं शेपूट उचलायचं, ती झील. साहेबराव ओळ टाकायचा, आणि त्याचा थोरला चुलतभाऊ सांडू तुणतुणं घेऊन मागं बसायचा, झील धरायचा. सांडूचा आवाज बसका, नाकातला, आणि दर चार ओळींनी बिडीचा खोकला. पण सुरात पक्का. वीस वर्षं जोडी होती.

आता तारीख ध्यानात ठेवा. सहा फेब्रुवारी दोन हजार चोवीस. मंगळवार, पौष महिना. साहेबराव संध्याकाळी शहरात, शहागंजात गेला होता. माघाची लग्नं तोंडावर आली होती आणि संबळाचं कातडं फाटलेलं, ते नवं चढवायला टाकलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं संबळ हातात देताना सांगितलं, "नया चमड़ा है साहेबराव, ठंड में ढीला पड़ेगा. बजाने के पहले आँच दिखा देना." त्यानं मान हलवली, कोपऱ्यावर चहा घेतला, संबळ कापडात गुंडाळून पाठीला बांधलं आणि मोटारसायकल काढली. घरी जेवायला पोचायचा विचार.

हर्सूलला पेट्रोल टाकताना फोन वाजला. आठ वाजून पाच मिनिटं. अनोळखी नंबर.

"साहेबराव गोंधळी बोलताय का? मी विश्वजीत, पुंडलिकनगरहून. सोयगावच्या दगडाबाईंचा जावई."

नाव ऐकलं आणि साहेबरावनं गाडी ढकलत बाजूला घेतली.

"बोला साहेब."

"माझी बायको... मंजुषा. एकोणीस रात्री झाल्या काका, ती झोपली नाही. दोन डॉक्टर झाले. गोळीनं डोळे मिटतात, पण हात थांबत नाहीत."

"हात?"

"वाजवत असते. भिंतीवर, ताटावर, स्वतःच्या छातीवर. काल बोटांतून रक्त आलं. मला यातलं काही कळत नाही, खरं सांगतो मी मानतही नाही. तिच्या भावानं तुमचा नंबर दिला. मी पाठवतो ते एकदा ऐका फक्त."

मिनिटभराचा आवाज व्हॉट्सॲपला आला. साहेबरावनं पंपाच्या दिव्याखाली उभं राहून फोन कानाला लावला. लाकडी कपाटावर बोटं वाजत होती. त्यानं दुसऱ्याच क्षणाला ओळखलं. विचारण्याचा ठेका होता तो. त्याच्या बापाचा, कुठं बाजारात न मिळणारा. इतपत ठीक होतं. पण मग त्यानं परत ऐकलं, ठोके मोजत.

करंगळी गेल्यापासून त्याची डावी काडी हातात जरा सैल राहायची. म्हणून दर आठव्या ठोक्याला डावा हात केसभर मागं पडायचा. ऐकणाऱ्याला कळायचं नाय, त्याला कळायचं. मंजुषाची बोटं आठव्या ठोक्याला केसभर मागं पडत होती. प्रत्येक वेळी.

ती पोरगी साहेबरावच्या हातानं वाजवत होती.

आता सोयगावचं सांगतो, त्याशिवाय पुढलं कळायचं नाय.

सतरा मे दोन हजार बावीस. दगडाबाईचा नवरा वारल्यापासून ती रात्रभर उंबऱ्यात बसायची. जेवायची नाय. कुणी उठवाय गेलं तर म्हणायची, "थांबा, येतंय कुणीतरी." साहेबराव आणि सांडू दोघं आपापल्या गाडीवर सोयगावला गेले. रात्री दहाला बसले. बोलावणं झालं. विचारणं सुरू झालं. म्हातारी घुमायला लागली, बोलायच्या बेतात आली. दीड वाजला. साहेबरावची सकाळी सातची पाळी होती, आठवड्यात दोनदा उशीर झालेला, सुपरवायझरनं तंबी दिलेली. त्यानं काड्या खाली ठेवल्या.

सांडू म्हणाला, "उठू नको सायबा. जी आत बसलीय तिला बोलावलंय आपण. वाटंला लावून देऊ, मग जा."

"तू लाव की दादा. तुला येतंय सगळं."

तो बाहेर आला, गाडीला किक मारली. आतून सांडूनं हाक दिली, "सायबा, हायेस का?" यानं ऐकली. ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि निघाला.

सांडूनं एकट्यानं तुणतुण्यावर म्हणून पाह्यलं म्हणं. संबळाशिवाय ते काय होणार? पहाटे तोही निघाला. अजिंठ्याच्या घाटात त्याची गाडी सापडली, आणि तो खाली दरीत, गेलेला. दगडाबाई नवव्या दिवशी गेली. उंबऱ्यातच. साहेबरावला कुणी एक शब्द बोललं नाय. तेच त्याला लागलं. त्यानं दुखण्याचं वाजवणं सोडलं, फक्त लग्नं घेत राहिला.

काय प्रेरणा? नाय, मंजुषा त्या राती सोयगावला नव्हती. पुण्याला नोकरीला होती. आईच्या मातीला तेवढी आली. साहेबरावला तिनं कधी पाह्यलेलं नव्हतं, त्याचं संबळ ऐकलेलं नव्हतं.

तर साहेबराव हर्सूलला पंपावर उभा. एका अंगाला फुलंब्रीचा रस्ता, घर, भाकरी. दुसऱ्या अंगाला शहर. त्यानं बायकोला फोन केला, "जेवून घे, मला रात होईल," आणि गाडी वळवली.

मधी रस्ता खणलेला, वाहनं तुंबलेली. सेव्हन हिलच्या चौकातनं पुंडलिकनगरात पोचायला त्याला सव्वादहा झाले. विश्वजीत गल्लीच्या तोंडाशी उभा होता. बँकेतला माणूस, पस्तिशीचा, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. गाडी तिथंच लावायला लावून त्यानं साहेबरावला घरी नेलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर.

मंजुषा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. शाळेत शिकवणारी, अठ्ठावीस-तीसची. बोटांना पट्ट्या बांधलेल्या. त्या पट्ट्यांच्या बोटांनी ती पलंगाच्या फळीवर वाजवत होती. टक टक टक... आठव्याला केसभर मागं. साहेबराव दारात आला तेव्हा तिनं मान वर केली. वाजवणं थांबलं नाय. पण ती हसली. ओळखीच्या माणसाला बघून हसावं, तशी.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "पाळी संपली का?"

विश्वजीतला वाटलं, जागरणानं बडबडतीय. साहेबरावनं चौकट धरली.

त्यानं ठरवलं. बोलावणं झालेलं आहे. विचारणं एकोणीस रात्री चाललंय. तिसरं तेवढं राह्यलंय. तो स्वयंपाकघरात गेला, गॅस बारीक केला आणि संबळाची दोन्ही तोंडं आचेवर फिरवली. कातडं ताठ झालं. चपला काढल्या, संबळ कमरेला आवळलं. देवीपुढं समई लावली. आणि विश्वजीतला म्हणाला,

"साहेब, तुम्ही ताईला धरून बसा. एकदा सुरू झालं की मला काही विचारू नका. मी बोलणार नाय. बोललो की तुटतं. शेवटी मी वाजवत बाहेर जाईन, मागं येऊ नका. दार लावून घ्या. मी परत तुमच्या घरात यायचा नाय, तसा रिवाज आहे. वहाणा तेवढ्या पिशवीत घालून माझ्या गाडीला अडकवा आत्ताच."

"आणि गोळ्या?"

"चालू ठेवा. माझं गोळ्यांशी भांडण नाय."

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यानं पहिली काडी मारली.

मंजुषाची बोटं थांबली. एकोणीस रात्रींनी पहिल्यांदा. विश्वजीतच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणं. साहेबरावनं ओळ टाकली,

"ऊठ गं माय, रात सरली, पदर घे डोईवर, वाट धर..."

आणि झीलही स्वतःच म्हटली, "धरली वाट, धरली गं." दुसरं कोण होतं? ओळही त्याची, झीलही त्याची. दम लागायचा. अर्धा तास झाला, पाऊण झाला. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा दार वाजवून पाह्यलं, गेले. मंजुषा त्याच्याकडं टक लावून बघत होती. पापणी लवत नव्हती.

बाराच्या पुढं त्याचा घसा बसला. एका ओळीनंतर श्वास पुरला नाय, झील राह्यली. नुसतं संबळ वाजलं. आणि स्वयंपाकघरातून...

"धरली वाट, धरली गं."

बारीक. बसका आवाज. नाकातला.

साहेबरावचे हात चालू राह्यले. वीस वर्षांची सवय ती, हातांना कळलंच नाय. त्यानं पुढली ओळ टाकली. झील परत आली. आता जरा मोकळी. त्यानं तिसरी टाकली. चौथी टाकली. आणि चौथीनंतर...

खोकला.

बिडीचा कोरडा खोकला, दोनदा. मग घसा साफ करून झील.

विश्वजीतनं मान स्वयंपाकघराकडं वळवली. दार उघडं होतं. आत दिवा चालू होता. ओटा दिसत होता, गॅस दिसत होता. कुणी नव्हतं.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "तुमच्याबरोबर अजून कोण आलंय?"

साहेबरावला बोलता येत नव्हतं. त्यानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. विश्वजीतनं बायकोला घट्ट धरलं.

मला साहेबराव म्हणाला, "आबा, त्या घडीला मला भ्या नाय वाटलं. मला रडू आलं. दादाचा सूर पावणेदोन वर्षांनी ऐकत होतो. वाटलं काड्या टाकाव्या आणि आत जाऊन पाय धरावे." पण त्यानं टाकल्या नाहीत. एकदा टाकल्या होत्या.

भ्या पुढं वाटलं.

साडेबाराला लाईट गेली. समईची वात एवढीशी. झील स्वयंपाकघरातून निघाली आणि बाहेरच्या खोलीत आली. मग ती एकटी राह्यली नाय. तिच्यावर दुसरा आवाज चढला. बाईचा. म्हातारा, थरथरता.

तो पलंगाकडून येत होता.

साहेबरावला वाटलं मंजुषा म्हणतीय. विश्वजीतनं नंतर शपथ घेऊन सांगितलं. त्याचा तळहात तिच्या तोंडावर होता. ओठ मिटलेले. दात दातावर. आणि आवाज तिच्या डोक्यामागून, भिंतीकडून...

"धरली वाट... धरली गं..."

मग तो आवाज पलंगावरून उतरला.

कसा उतरला ते विचारू नका. साहेबराव म्हणतो, आवाज उतरताना कळतो. आधी उंचावर होता. मग खाली. मग फरशीवरून... हळू... त्याच्याकडं. त्याच्या उजव्या अंगाला येऊन थांबला. डाव्या अंगाला सांडूचा.

निघायची वेळ झाली होती.

तो वाजवत पाठमोरा झाला. दार. जिना. अंधार. एकेक पायरी. एक वाजून गेला होता. पौषातली एकादशी, चंद्र पहाटेच उगवायचा. गल्लीत एक दिवा नाय. आणि पुंडलिकनगरची कुत्री, जी सायकलवर पण भुंकतात, एकही भुंकलं नाय.

त्या गल्लीत त्याच रात्री काँक्रीट ओतलं होतं. कामगार दहाच्या सुमाराला मशीन धुऊन गेले होते. येताना विश्वजीतनं त्याला कडेच्या फळीवरून नेलं होतं. आता फळी कोण बघतो? पायाखाली गार, मऊ लागलं. पाय किंचित रुतत होता. त्यानं पाह्यलं नाय. हात संबळावर. तोंडात ओळ.

दोन्ही बाजूंनी झील.

गल्लीच्या त्या टोकाला नाला आहे. वर छोटा पूल. शहरात शिव कुठली धरायची, त्यानं आधीच मनात धरलं होतं. पाणी ती शिव. गावात असतं तर सोबत चार माणसं असती, कंदील असता. इथं घरांच्या बंद खिडक्या. एसीच्या पेट्या. आणि तो.

पुलाशी आला. थांबला. आता शेवटची ओळ. ती टाकली, तिची झील पडली, की तीन ठोके आणि संपलं.

त्यानं श्वास घेतला...

डाव्या कानाशी. अगदी कानाशी. बिडीचा वास आला.

"सायबा, हायेस का?"

झील नव्हती ती. पदातलं नव्हतं. सांडू विचारत होता.

साहेबरावची जीभ वळली. "हाय दादा" एवढंच म्हणायचं होतं. पावणेदोन वर्षं तेवढंच म्हणायचं राह्यलं होतं. पण बोललं की तुटतं. आणि नाय बोललं तर... परत न ऐकल्यासारखं...

उजव्या अंगाला कुणी तरी श्वास घेत होतं. वाट बघत.

ठेका हलला. सातवा. आठवा. डावी काडी निसटायला लागली. तो म्हणतो, "निसटली असती आबा. मी तिथंच मेलो असतो." त्यानं काडी तीन बोटांत आवळली. आणि तोंडानं उत्तर दिलं नाय. हातानं दिलं. सांडू आणि तो लहान असताना, बाप झोपल्यावर, एकमेकांना ज्या ठेक्यावर शोधायचे तो. दोन लहान, एक मोठा. *मी हाय.* दोनदा वाजवला.

डाव्या अंगाला... हलकं हसू.

मग त्यानं शेवटची ओळ टाकली. "शिव आली माय, ओलांड..."

"ओलांडली गं, ओलांडली."

पुलावरून आली ती. मग पुलापलीकडून. मग नाय.

तीन ठोके. संबळ थांबलं.

शांत. नाल्याचं पाणी तेवढं.

साहेबरावनं काड्या कमरेला खोचल्या. मग वळला, त्याच गल्लीतून परत निघाला. विश्वजीतच्या दारावरून गेला, वर बघितलं नाय. गल्लीच्या तोंडाशी गाडी होती. पिशवीतून चपला काढून घातल्या, पायाला चिकटलेलं काँक्रीट तसंच. किकला गाडी लागंना. चौथ्या किकला लागली.

सावंगी गेली, चौक्याच्या घाटात गाडी तिसऱ्या गिअरला चढंना. दुसरा टाकला. त्याला वाटलं, थंडीनं इंजिन गारठलंय. अर्ध्या घाटात आल्यावर मात्र त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि त्यानं कान टवकारले, जसा काय आत्ता ऐकू येणार होता तो सूर. पुलावरची शेवटची झील. झिलीला दोघं होते. शेवटच्या ओळीला आवाज एकच होता. सांडूचा.

बाईचा आलाच नव्हता.

घरी पोचला तेव्हा चार वाजत आले होते. कांबळं ओढून पडला, झोप आली नाय. सहा वीसला विश्वजीतचा फोन. तो रडत होता. "झोपलीय काका. दोनपासून झोपलीय. हात उशीखाली घालून, लहान पोरासारखी." मंजुषा नऊ तास झोपली. उठून तिनं पोहे मागितले. पुढं डॉक्टरांच्या गोळ्या तीन महिने चालल्या, मग त्याही बंद. आता शाळेत जाती. त्या एकोणीस रात्रींतलं तिला काही आठवत नाय. बोटांवर वण आहेत तेवढे.

साहेबरावचे तळवे काँक्रीटनं भाजल्यासारखे झाले, आठ दिवस खोबरेल लावलं. तेवढंच. चांगला झाला. मला तेव्हा काही बोलला नाय.

दहा-बारा दिवसांनी विश्वजीतनं परत बोलावलं. साहेबरावला वाटलं, पोरगी परत बिघडली. धावत गेला. पोरगी चांगली होती, चहा तिनंच केला. मग विश्वजीत त्याला खाली घेऊन गेला. रस्ता खुला झाला होता, आडवी लावलेली पिंपं काढलेली, काँक्रीट दगडासारखं.

"काका," विश्वजीत म्हणाला, "हे मी मंजुषाला दाखवलेलं नाही. तुम्हीच बघा."

रस्त्यावर पावलं उमटलेली होती. मी स्वतः बघून आलोय, मागल्या दिवाळीत. साहेबरावनंच मला नेलं. आजही आहेत, बुजवली नसतील तर. घराकडून नाल्याकडं जाणाऱ्या तीन जोड्या. मधली साहेबरावची, अनवाणी, त्यानं पाय ठेवून दाखवला, बरोबर बसला. डावीकडं एका रुंद पायाच्या पुरुषाची. उजवीकडं बारकी, बाईची, टाच ओढत चालणारी.

नाल्याकडून परत येणाऱ्या दोन जोड्या.

साहेबरावची. आणि ती बारकी.

आम्ही दोघं तिच्यामागं चाललो. ती विश्वजीतच्या दाराशी वळत नाय. दारावरून सरळ येती, साहेबरावच्या पावलाला पाऊल लावून. गल्लीच्या तोंडापर्यंत. काँक्रीटची कड जिथं संपती, जिथं त्यानं त्या रात्री गाडी लावली होती, तिथपर्यंत.

तिथं शेवटची दोन पावलं आहेत. ती पुढं गेलेली नाहीत. आडवी वळलीत. शेजारी शेजारी, टाचा गाडीकडं, बोटं रस्त्याकडं... बाईमाणूस मागच्या सीटवर एका अंगानं बसायच्या आधी उभं राहतं, तशी.